उरेब पट्ट्यांचा पाय

मोर्च्यातल्या सगळ्यांच्या नजरा पुढच्या झेंड्यांवर होत्या. सुमती कीर्तिकर मात्र एका माणसाच्या डाव्या पायाकडे बघत चालली होती.

सत्तावन्न सालचा नोव्हेंबर होता. फाउंटनला गोळ्या लागून गेलेल्यांच्या आठवणीसाठी लालबागहून माणसं निघाली होती आणि ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ ह्या आरोळीने रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे सज्जे दणाणत होते. सुमतीच्या थोडा पुढे रामदास तांबे चालत होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. जो होता तो सुमतीच्या प्रयोगशाळेत केलेला. सुती कापडाच्या पट्ट्या राळेत भिजवून साच्यावर थरावर थर गुंडाळायच्या, भट्टीत घालून कडक करायच्या आणि वर चामड्याचे पट्टे बसवायचे. लाकडी पायापेक्षा हा पाय कितीतरी हलका होता. तो किती भार सोसेल हे गणित सुमतीने केलं होतं, आणि गणित म्हणत होतं की रामदासासारखे दोघे वर उभे राहिले तरी काही होणार नाही.

राणीच्या बागेपर्यंत पाऊल सरळ पडत होतं. मग ते किंचित आत वळायला लागलं. आधी तिला वाटलं, खड्डा असेल. पण पुढचंही पाऊल आत, त्याच्या पुढचंही. बुटाचं टोक उजव्या पायाकडे वळत चाललं होतं, जणू कोणी नडगीला धरून हळूहळू पिळत होतं. ‘रामदास, थांबा!’ ती ओरडली, पण त्या आरोळ्यांत तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही. भायखळ्याच्या पुलाचा उतार लागला, मागून लोंढ्याचा रेटा आला, आणि रामदास एका कुशीवर कोसळला.

बाजूच्या माणसांनी हातात हात घालून कडं केलं म्हणून तो तुडवला गेला नाही. सुमती आत घुसली तेव्हा तो रस्त्यावर बसून पट्टे सोडत होता. नडगीचा भाग घोट्याच्या वर सालीसारखा उकलला होता, थर एकमेकांपासून सुटून पाकळ्या झाल्या होत्या. रामदासाने पाय ओढून काढला आणि तिच्यासमोर टाकला.

‘‘घ्या बाई तुमचा पाय. दोन माणसांचं वजन पेलणार होता ना हा? एकाचं नाही पेललं.’’

तिने पाय पदरात गुंडाळला आणि गर्दीच्या उलट दिशेने ती परळला चालत गेली.

तिच्या नेमणुकीत हुद्दा होता ‘कॉम्प्युटर’. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे माणूसच असे: समोर हँडल फिरवायचं लोखंडी गणनयंत्र, शेजारी कागदांची चळत, आणि दिवसभर घर्र घर्र. परळची ही छोटी प्रयोगशाळा आधी गिरण्यांसाठी राळेत भिजवलेल्या कापडाच्या थरांच्या फळ्या आणि दातेरी चाकं बनवायची. छप्पन्नच्या जानेवारीत परळ-लालबागला गोळीबार झाला. जवळच्या इस्पितळाच्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेतले इंजिनियर अच्युत तळपदे यांना विचारलं, असल्या फळीचा पाय होईल का? अच्युतरावांना त्या कल्पनेने झपाटलं. पहिला पाय केला तो त्याच गोळीबारात पाय गेलेल्या रामदासासाठी.

रामदास डिलाईल रोडच्या चाळीत आईबरोबर राहायचा. धंद्याने तो पेंटर. दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे फलक, निवडणुकीतल्या भिंती, सगळं रंगवायचा. गोळी लागली तेव्हा हातात ब्रश होता असं लोक सांगत. तो मात्र त्यावर कधी बोलत नसे. एवढं एकदाच बोलला होता, की बाबासाहेब गेले तेव्हा कुबड्यांवर दादरला निघालो आणि पोचूच शकलो नाही. गर्दीने शिवडीच्या बाजूला लोटून दिलं. ‘‘तेव्हापासून ठरवलं,’’ तो म्हणाला होता, ‘‘पाय पाहिजे. कसलाही असो.’’

दुसऱ्या दिवशी अच्युतराव उकललेला पाय टेबलावर फिरवून बघत होते.

‘‘त्याने पाऊल चुकीचं टाकलं असणार,’’ ते म्हणाले. ‘‘नव्या पायाची सवय व्हायला वेळ लागतो, सुमतीबाई. आकडे तर तुम्ही दोनदा तपासलेत.’’

‘‘तीनदा. पण पाऊल चुकीचं नव्हतं, अच्युतराव. मी सबंध रस्ता बघत होते. पाऊल सरळ पडत होतं आणि भार आला की पायच पिळला जात होता.’’

‘‘सरळ दाबलेली वस्तू पिळली कशी जाईल?’’

‘‘तेच मला कळत नाहीये.’’

ते कळत नव्हतं म्हणून तिला बसवत नव्हतं. गिरगावात घरी गेली तरी ती माजघरातून ओटीवर आणि ओटीवरून माजघरात फेऱ्या घाली. तिचे वडील, तात्या, पूर्वी हायकोर्टात कारकून होते. आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहायचे. दादरच्या एका प्रभू घराण्यातून सुमतीला सांगून आलं होतं.

‘‘त्या मंडळींना मी सांगू काय?’’ ते एकदा वैतागून म्हणाले. ‘‘मुलगी लालबागच्या मोर्च्यात फिरते आणि लोकांचे पाय मोजते?’’

‘‘एकच पाय, तात्या. आणि तोही मोडला.’’

‘‘मग झालं तर. सुटलीस.’’

‘‘मी केलेल्या गणिताने तो पडला. कशी सुटेन?’’

तात्यांनी पेपर वर केला. ह्या मुलीशी वाद घातला की आपणच दमतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

तिने मोडक्या पायाचे थर सुरीने एकेक करून सोडवले. वरचा थर, खालचा, त्याखालचा. प्रत्येक पट्टी उरेब कापलेली होती, म्हणजे तिरपी. शिंपी पोलक्याच्या गळ्याला लावतात तशी. उरेब कापड गोलाईवर सुरकुतत नाही, म्हणून प्रयोगशाळेत तसं कापत. आणि सगळ्या पट्ट्या एकाच अंगाने गुंडाळलेल्या होत्या, बँडेज गुंडाळतात तशा. सुमतीने रुमाल हातात घेतला. धाग्याच्या रेषेत ओढला तर तो तसूभर हलला नाही. तिरपा ओढला तेव्हा लांबला आणि एका बाजूला कलला.

तिच्या गणितात थरांच्या त्या फळीला एकच ताकद होती. कुठूनही ओढा, कुठूनही दाबा, आकडा तोच. तो आकडा आला होता सपाट फळी धाग्याच्या रेषेत ओढून. गिरणीच्या त्या कापडात उभा धागा मजबूत आणि आडवा लेचापेचा, आणि पायात तर दोन्ही तिरपे बसले होते. दाब सरळ वरून येणार, पण प्रत्येक थर आपल्या मजबूत धाग्याच्या बाजूने कलणार. सगळे थर एकाच बाजूला कलले तर पाय पिळणार नाही तर काय?

ती अच्युतरावांच्या खोलीत गेली ती दार न वाजवता.

‘‘मला फळीच्या तिरप्या पट्ट्या कापून हव्यात. वेगवेगळ्या कोनांत. आणि प्रत्येक पट्टी ओढून बघायची आहे.’’

पट्ट्या ओढल्या गेल्या. तिरप्या पट्टीची ताकद सरळ पट्टीच्या निम्म्यालाही पोचत नव्हती. अच्युतरावांनी आकड्यांचा कागद जवळ ओढला.

‘‘ह्याचं गणित करायचं म्हणजे प्रत्येक थर वेगळा धरावा लागेल,’’ ते म्हणाले. ‘‘प्रत्येकाचा कोन वेगळा, ताकद वेगळी. मग सगळे थर एकमेकांना चिकटलेले, म्हणून एक वाकला की बाकीच्यांना वाकावं लागणार. हाताने करणार तुम्ही हे?’’

‘‘बघते.’’

तिने पाय कागदावर उलगडून सपाट केला, त्यावर जाळी आखली आणि प्रत्येक गाठीवर पाय किती सरकेल ह्याचा अंदाज लिहिला. मग एकेका गाठीची चूक दुरुस्त करायला बसली. ह्या पद्धतीत एक खोड असते: इथली चूक दाबली की ती शेजारच्या गाठीवर जाऊन बसते. ती दाबली की पलीकडे. सरळ फळीच्या बाबतीत चूक हळूहळू विरत जाते. पण ह्या तिरप्या थरांत दाब आणि पीळ एकमेकांत गुंतले होते आणि चूक विरायचं नाव घेत नव्हती. दिवाळीचं राहिलेलं सामान माळ्यावर गेलं, संक्रांतीचा हलवा आला, आणि जाळीवरचे आकडे अजून इकडून तिकडे पळतच होते. हँडल फिरवून तिचा खांदा भरून आला. रात्री पाठ टेकली तरी आकडे उठून बसत.

शेवटी एका रविवारी सकाळी ती डिलाईल रोडला गेली. रामदासाला विचारल्याशिवाय आता पुढे जाता येणार नव्हतं.

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरची ती खोली टापटीप होती. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याच्या शेजारी बाबासाहेबांची तसबीर, दोन्हींना ताजे हार. रामदासाची आई सुंदराबाई चुलीशी बसली होती. रामदास खाली फतकल मारून पत्र्यावर अक्षरं रंगवत होता. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या.

‘‘पुन्हा माप घ्यायला आलात?’’ त्याने मान वर केली नाही. ‘‘मी काय तुमच्या प्रयोगशाळेतला उंदीर आहे?’’

‘‘रामदास!’’ सुंदराबाई म्हणाली. ‘‘दारात आलेल्या मानसाशी असा बोलतास? बस गो बाय, बस. चा घेशील ना?’’ शेवटचा प्रश्न तिने जरा अडखळत विचारला.

‘‘घेईन की,’’ सुमती म्हणाली आणि पत्र्याशेजारी खालीच बसली. ‘‘माप नको. विचारायचंय. पाऊल आत वळायला कधी लागलं? त्याच दिवशी?’’

रामदासाचा ब्रश थांबला.

‘‘पहिल्या दिवसापासून. थोडं थोडं. तुमच्या साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, सवय होईल.’’

‘‘मला नाही सांगितलंत.’’

‘‘तुम्ही विचारलं होतं का? तुम्ही वजन विचारलं, उंची विचारली. झालं.’’

हे खरं होतं. सुमतीने कपातल्या चहाचा एक घोट घेतला.

‘‘माझं गणित चुकलं नव्हतं,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘पण ज्या पायाचं गणित मी केलं, तो तुम्हाला दिलेला पाय नव्हताच. कागदावर तो सगळीकडून सारखा होता. खरा पाय तसा नसतो. आता मी पुन्हा करतेय. तुम्हाला तो कशासाठी हवा, ते मला नीट सांगा. मोर्च्यासाठी?’’

रामदास हसला, पण त्या हसण्यात राग जास्त होता.

‘‘मोर्च्याला मी कुबड्यांवरही जाईन. लोक वाट देतात, टाळ्याही वाजवतात. मला शिडी चढायची आहे, बाई. हे बघा, असे पत्रे जमिनीवर रंगवून पोट भरत नाही. मोठं काम वर असतं. आणि शिडीवर उभं राहायचं ते पावलाच्या मधोमध, एका दांडीवर. तासन् तास.’’

सुमतीने कप खाली ठेवला. सगळा भार एका दांडीवर, तोही पावलाच्या मधोमध. तिच्या जाळीवर भार नेहमी टाचेपासून बोटांपर्यंत सारखा पसरलेला होता.

‘‘हे तर सगळंच वेगळं झालं,’’ ती म्हणाली.

‘‘मग करा वेगळं.’’

कुलाब्याला एका संस्थेत तेव्हा विजेवर चालणारं गणकयंत्र उभं राहिलं होतं. अच्युतरावांनी ओळख काढली, दोघा-तिघांच्या पाया पडले आणि सुमतीला त्यावर थोडा वेळ मिळवून दिला. यंत्र म्हणजे एक सबंध थंड खोली होती. कपाटांच्या रांगा, त्यांत काचेच्या दिव्यांसारख्या असंख्य नळ्या, आणि आकडे आत घालायला भोकं पाडलेली कागदी फीत. तिथला गंगाधर नावाचा तरुण तंत्रज्ञ फीत उलटसुलट तपासत म्हणाला, ‘‘पाय? आमच्याकडे लोक अणू आणि तारे घेऊन येतात.’’

‘‘पायच,’’ सुमती म्हणाली.

पहिल्या खेपेला यंत्राने पाऊल बाहेरच्या बाजूला वळवलं. मोर्च्यात तिने स्वतःच्या डोळ्यांनी ते आत वळताना पाहिलं होतं. म्हणजे रुमालाची ती सगळी गोष्टच चुकीची? पुढची पाळी येईपर्यंत तिने घरात एक घास सुखाने खाल्ला नाही. कागद पुन्हा पहिल्यापासून काढले. मग सापडलं: थर डावीकडून गुंडाळलेत की उजवीकडून, ते लिहिताना चिन्ह उलटं पडलं होतं. फितीत नवी भोकं पाडली.

दुसऱ्या खेपेला यंत्राने पाऊल आत वळवलं. किती वळवलं तेही सांगितलं, आणि ते तिने राणीच्या बागेपासून पुलापर्यंत पाहिलं होतं तेवढंच होतं. थर कुठे सुटतील तेही सांगितलं: घोट्याच्या वर, बाहेरून.

‘‘जमलं ना?’’ गंगाधर म्हणाला. ‘‘मग तुमचा चेहरा असा का?’’

‘‘हे आधी कळू शकलं असतं,’’ एवढंच ती म्हणाली.

मग तिने यंत्राला नवा पाय दिला. एक थर डावीकडून उरेब, एक उजवीकडून, मध्ये एक धाग्याच्या रेषेत सरळ. डावा पीळ उजव्याने खाल्ला. पाऊल जवळजवळ सरळ राहिलं. मग शिडी दिली, आणि पाय पुन्हा मोडला, ह्या वेळी तळव्याच्या कमानीत. सरळ थर वाढवले. मोडला. आणखी वाढवले. तेव्हा तो टिकला, पण वजन चांगलंच चढलं होतं.

अच्युतरावांना ते आवडलं नाही. ‘‘हलका म्हणून तर हा पाय. एवढा जड करायचा तर लाकडाने काय घोडं मारलं होतं?’’

‘‘लाकडापेक्षा हलका आहेच. आणि पाय त्यांचा आहे. त्यांनाच विचारू.’’

रामदासाला बोलावलं. अच्युतरावांनी दोन्ही बाजू नीट समजावून सांगितल्या, आणि मग म्हणाले, ‘‘पाऊल वळतंय असं तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.’’

रामदासाने त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली. ‘‘जड द्या,’’ तो म्हणाला. ‘‘पण शिडीचा द्या.’’

ह्या वेळी आधी एक जादा पाय करून तो मोडेपर्यंत दाबला. सुमती दाबयंत्रासमोर उभी होती. पाय गणकयंत्राने सांगितलेल्या भाराच्या थोडा आधी मोडला, पण सांगितला तिथेच मोडला, आणि मोडेपर्यंत पिळला गेला नाही. तो थोडा आधी का मोडला, हे तिला पुढे कितीतरी दिवस कुरतडत राहिलं. थरांमधली राळ भट्टीत सगळीकडे सारखी शिजत नाही, हे तिला कळलं ते फार नंतर.

दादरला एका भांड्यांच्या दुकानाची पाटी रंगवायची होती. ऊन चढायच्या आत रामदासाने शिडी लावली. अच्युतराव खाली शिडी धरून उभे राहिले. सुमतीला तिथे उभं राहवेना. ती फुटपाथवर कोपऱ्यापर्यंत जाई आणि परत येई. दुकानदाराला वाटलं, बाईचं कोणी हरवलंय.

रामदास चढला. एकेका पायरीवर थांबत, आधी हात, मग चांगला पाय, मग हा. वर गेल्यावर त्याने दांडीवर पाऊल रोवलं, एकदा खाली बघितलं, आणि रंगाचा डबा अडकवला. अक्षरांच्या कडा आखून होईपर्यंत तो वर होता. उतरला तेव्हा घामाने भिजला होता आणि चेहरा पांढरा पडला होता. फुटपाथवर बसून त्याने पट्टे सोडले. गुडघ्याखालच्या खुंटाची कातडी सोलून निघाली होती, फडक्यावर रक्त.

‘‘पाय मोडत नाही, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘आता मी मोडतो.’’

सुमती त्याच्या समोर बसली. इतक्या महिन्यांत तिने गणितात कापड धरलं, राळ धरली, दांडी धरली. आत जो माणूस होता, त्याचं मांस धरलं नव्हतं.

‘‘कुठे लागतं ते दाखवा,’’ ती म्हणाली. ‘‘नीट. बोटाने.’’

त्याने दाखवलं. तिथे आतल्या बाजूचे थर कमी करून खोबण पाडली, नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर घातलं, आणि पुन्हा बघितलं. पुन्हा लागलं, जरा कमी. पुन्हा बदललं. असं करता करता एकोणसाठ साल उजाडलं, आणि ह्या मधल्या काळात दादरच्या मंडळींनी आपल्या मुलाचं दुसरीकडे जमवलं. तात्यांनी ते सुमतीला जेवताना सांगितलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने आमटी वाढून घेतली.

‘‘बरं,’’ तात्या म्हणाले, ‘‘तो चढला का तुमचा पेंटर? काल गेला होता ना?’’

‘‘चढला. दुपारपर्यंत वर होता.’’

‘‘रक्त?’’

‘‘नाही आलं.’’

‘‘हं,’’ तात्या म्हणाले, आणि त्यांनी ताटात आणखी भात घेतला.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झालं. रामदासाकडे इतकी कामं आली की त्याला मदतीला दोन माणसं ठेवावी लागली; जिकडे तिकडे पाट्या बदलत होत्या. एका सकाळी तो परळला प्रयोगशाळेत आला. कुबड्या नाहीत, काठी नाही, चाल थोडी लंगडी. त्याच्याबरोबर एक धिप्पाड माणूस होता, दोन्ही काखांत कुबड्या, धोतर एका बाजूला मोकळं लोंबणारं.

‘‘हा कोंडीराम,’’ रामदास म्हणाला. ‘‘गोदीत माल चढवायचा. क्रेनखाली आला. ह्याला म्हटलं, चल, आमच्या बाई आहेत.’’

कोंडीरामाने संकोचून मान लववली. सुमतीने त्याला खुर्ची दिली आणि बघितलं. त्याचा पाय मांडीच्या मध्यावरच संपत होता.

‘‘ह्यांना गुडघाच नाही,’’ ती अच्युतरावांना म्हणाली.

‘‘नाही. मग आपलं सगळं गणित...’’

‘‘पहिल्यापासून.’’ तिने खुर्ची ओढली आणि कोंडीरामासमोर बसली. ‘‘कोंडीराम, तुम्हाला चालून कुठे जायचं असतं? काय काय करायचं असतं? सगळं सांगा. घाई नाही.’’

कोंडीरामाने रामदासाकडे बघितलं. रामदास खिडकीशी जाऊन उभा राहिला होता.

‘‘सांग रे,’’ तो म्हणाला. ‘‘शौचाला बसायचं तेही सांग. नाहीतर त्या ते गणितात धरणारच नाहीत.’’

सुमतीने हसतच कोरा कागद पुढे ओढला.